सात सीटर घेताय? मागे कोण बसणार ते आधी ठरवा

नमस्कार श्रोतेहो.

सात सीटर घ्यायची म्हटलं की आपल्या घरांत आधी रंगावरून वाद होतो, मग सनरूफवरून. इंदूरच्या मे महिन्यात काचेचं छप्पर कशाला हवं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही, पण असो. मागे कोण बसणार, हा प्रश्न मात्र गाडी दारात आल्यावर निघतो. तो आधी काढा. पुढच्या दोन रांगा हल्ली सगळ्याच गाड्यांत बऱ्या असतात. फरक पडतो तो तिसरीत.

इंदूरच्या रामबागेतलं किंवा लोकमान्य नगरातलं एखादं घर घ्या. निम्मे नातेवाईक पुण्या-नाशकात. लग्न निघालं, मुंज निघाली की मानपूरनंतरचा घाट उतरा, खलघाटला नर्मदा ओलांडा, पुढे सेंधवा, बिजासन, धुळे. पुण्याला पोचेस्तोवर अख्खा दिवस जातो. तो दिवस मागच्या रांगेत जो काढणार, त्याला शोरूमला न्या. बहुधा तो कॉलेजातला उंच मुलगा असतो, ‘मी काय, कुठेही बसेन’ म्हणणारा. त्याला मागे बसवा, दार लावून घ्या आणि वीस मिनिटं सेल्समनशी गप्पा मारत उभे राहा.

त्याचे गुडघे बघा. तिसऱ्या रांगेखाली मागच्या चाकांचा सांगाडा येतो, म्हणून तिथला तळ उंच असतो. सीट त्या मानाने वर घेता येत नाही, कारण डोकं छताला लागेल. मग मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि गुडघे छातीशी येतात. शिवाय तो बसलेला असतो थेट चाकांवर. पुढच्यांना खड्डा कळतो, मागच्याला तो बसतो.

आता आजी. त्या दुसऱ्या रांगेत, हे ठरलेलंच. पायरी किती उंच, लुगडं सावरत पाय वर घेता येतो का, धरायला दांडी आहे का, हे त्यांनाच करून बघू द्या. घरात लहान मूल असेल तर आणखी एक गोम आहे. मुलाची सीट दुसऱ्या रांगेत आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीतच दिलेल्या कड्यांना अडकवली की ती बाजू सहसा पुढे दुमडता येत नाही, म्हणजे मागे जायची तेवढी वाट बंद. अशा घराला दुसऱ्या रांगेत दोन सुट्या सीट असलेली सहा सीटर बरी. मधूनच मागे जाता येतं.

डिक्कीचं तर विचारूच नका. तिन्ही रांगा उभ्या असताना मारुतीच्या अर्टिगात 209 लिटर जागा उरते, रेनोच्या ट्रायबरमध्ये 84. सात माणसं आणि लग्नाचं सामान, कसं जमायचं? घरातल्या दोन बॅगा सोबत न्या आणि शोरूममध्येच ठेवून बघा. सेल्समन हसला तर हसू दे.

तरीही ट्रायबर अगदीच मोडीत काढू नका. ती चार मीटरच्या आत बसते, इंजिन 999 सीसीचं, म्हणून सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर जीएसटी 18 टक्के. अर्टिगा लांबी आणि इंजिन, दोन्हींमुळे 40 टक्क्यांत जाते. एरवी घरात पाचच जण, आणि दिवाळीपुरते सात, असा हिशेब असेल तर ट्रायबरची तिसरी रांग उचलून घरी ठेवता येते. इनोव्हाचं बजेट असेल तर तिचे दोन प्रकार, हायक्रॉस आणि क्रिस्टा, दोन्हींत मागे बसून बघा. क्रिस्टात इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो, हायक्रॉसमध्ये पुढच्या; आणि हायक्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 2850 मिलिमीटर, क्रिस्टापेक्षा 100 ने जास्त. मात्र ती पावणेपाच मीटर लांब आहे. राजवाड्यामागच्या गल्लीत राहत असाल तर आधी टेप घेऊन घरासमोरची जागा मोजा.

सुरक्षेचे तारे जरूर बघा, पण ते देणाऱ्या भारत एनकॅप चाचणीतली धडक समोरून आणि बाजूने असते, मागून नाही. म्हणून मागच्यांच्या डोक्यापासून काचेपर्यंत किती अंतर उरतं, हे स्वतः बघा. तिथे डोक्याला टेकण हवं आणि तीन बिंदूंचा, खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टाही.

टेस्ट ड्राइव्हला तुम्ही आणि सेल्समन, दोघंच जाता. रिकामी गाडी कुणीही पळवेल. सीएनजी घेणार असाल तर लक्षात घ्या, अर्टिगाची ताकद पेट्रोलवर 103 पीएस आणि सीएनजीवर 88. सात जण, एसी आणि ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या भेरूघाटाचा चढ, तिथे हा फरक कळतो. टाकी डिक्कीतली जागा खाते आणि दर तीन वर्षांनी तिची तपासणी करून घ्यावी लागते, ते वेगळंच.

शोरूमची गाडी भेरूघाटापर्यंत कोण देणार? त्यावर सोपा उपाय आहे. अर्टिगा, इनोव्हा या गाड्या टॅक्सीत भरपूर आहेत. बुकिंगच्या आधी एका रविवारी तीच गाडी भाड्याने सांगा आणि सातही जण ओंकारेश्वरला जाऊन या. जाताना ठरलेल्या जागी बसा, येताना बदला. वाटेत ड्रायव्हरला चहा पाजा आणि विचारा: क्लच कितीला बदलला, टायर किती चालले, खरं मायलेज काय पडतं? आणि एवढं झालंच आहे तर स्टेपनी कशी काढतात तेही दाखवायला सांगा. बऱ्याच सात सीटरमध्ये ती गाडीखाली टांगलेली असते, आणि ती उतरवायची पद्धत सेंधव्याच्या घाटात, पावसात शिकायची नसते.