नक्षी शेवटी पाहावी: जपानी तलवारीच्या त्सुबाची पारख

सुरुवातीलाच एक विनंती करतो. पडद्यावरच्या छायाचित्रात तुम्हांला केवळ एक उभे, वरच्या बाजूला निमुळते होत गेलेले भोक आणि त्याच्या भोवतीची झिजलेली लंबगोल लोखंडी जागा दिसते आहे. बाकीचा भाग मी मुद्दाम झाकला आहे. झाकलेल्या भागात पंख पसरलेले दोन क्रौंच आहेत आणि ते देखणे आहेत. परंतु ते आधी पाहिले की नजर तिथेच अडकते आणि वस्तू पाहायची राहून जाते. हा अनुभव मी पैसे मोजून घेतलेला आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

त्सुबा म्हणजे जपानी तलवारीचे पाते आणि मूठ यांच्या मध्ये बसणारी धातूची चकती. आपल्याकडच्या तलवारीची मूठ पात्याशी लाखेने किंवा रिव्हेटने पक्की केलेली असते आणि परज तिचाच एक भाग असतो. जपानी तलवारीची मूठ मात्र बहुधा बांबूच्या एकाच खुंटीवर अडकवलेली असते. ती खुंटी काढली की मूठ, तांब्याच्या पातळ चकत्या आणि त्सुबा असे सगळे सुटे होऊन हातात येते. त्यामुळे एकाच पात्याला दोन-तीनशे वर्षांत अनेक त्सुबा लाभले आणि एकच त्सुबा अनेक पात्यांवर चढला. पात्याहून वेगळे असे स्वतःचे आयुष्य त्याला मिळाले, आणि म्हणूनच तो स्वतंत्रपणे जमवण्याजोगा झाला.

त्या आयुष्याची नोंद जिथे होते ती जागा म्हणजे हे मधले भोक. जपानीत त्याला नाकागो-आना म्हणतात, कारण पात्याचा मुठीत जाणारा दांडा, म्हणजे नाकागो, त्यातून जातो. दांड्याची धारेकडची बाजू अरुंद आणि पाठीकडची रुंद असते, म्हणून भोकही तसेच. नवा मालक आपल्या पात्यावर जुना त्सुबा चढवू लागला की तो कधी सैल होई, कधी घट्ट. घट्ट झाला तर भोक कानशीने घासून मोठे करीत. सैल झाला तर कडेला छिन्नीचे ठोके देऊन धातू आत सरकवीत, किंवा वर-खाली तांब्याचे तुकडे ठोकून बसवीत. या तुकड्यांना सेकिगाने म्हणतात. तांबे मऊ असल्यामुळे दांड्याला इजा होत नाही. पडद्यावरच्या त्सुबात खालचा तांब्याचा तुकडा शाबूत आहे, वरचा गळून पडला आहे आणि त्याची रिकामी खाच तेवढी उरली आहे. शिवाय दोन्ही कडांना छिन्नीचे ठोके आहेत आणि ते एका हाताचे नाहीत, कारण काही रुंद व उथळ आहेत तर काही बारीक व खोल. म्हणजे हा त्सुबा निदान दोनदा तरी नव्या पात्यावर बसवला गेला असावा, असे मी म्हणू शकतो.

भोकाभोवतीच्या लंबगोल जागेला सेप्पा-दाई म्हणतात. त्सुबाच्या दोन्ही अंगांना सेप्पा नावाच्या पातळ चकत्या दाबून बसत असल्यामुळे वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यांची आकृती तिथे उमटते आणि त्या पट्ट्यातल्या लोखंडाचा रंग बाकीच्या पृष्ठभागाहून वेगळा दिसतो. शेजारी पुष्कळदा आणखी एक-दोन भोके असतात. समोरून, म्हणजे मुठीच्या बाजूने पाहिले असता, डावीकडचे अर्धचंद्राकृती भोक म्यानाच्या खाचेत ठेवलेल्या कोझुका या लहान सुरीच्या मुठीसाठी, आणि उजवीकडचे तीन पाकळ्यांचे भोक कोगाई या केस सावरायच्या सळीसाठी. ही भोके मूळ आराखड्यातली आहेत की मागाहून कापलेली, हे कडा पाहून ठरवता येते. मागाहून कापलेले भोक नक्षीतल्या एखाद्या फांदीचा किंवा लाटेचा बेधडक तुकडा पाडते. कधी ती धातूने बुजवलेलीही असतात. बुजवलेले भोक म्हणजे खोट, असे समजून नाक मुरडू नये.

आता लोखंडाकडे वळू. तलवारीच्या कारागिरांनी घडवलेले मानले जाणारे सर्वांत जुने, बिनसहीचे लोखंडी त्सुबा पातळ, मोठे आणि जवळजवळ कोरे असतात. एखादा मुळा किंवा चेरीचे फूल एवढेच त्यांत लहानसे कापलेले असते. चिलखत घडवणाऱ्यांचे म्हणून जे ओळखले जातात, त्यांची कड बहुधा उचललेली असते. ही नावे पुढच्या अभ्यासकांनी शैलीवरून दिलेली आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे सोयीची लेबले म्हणूनच पाहावे. ओवारी प्रांतातले जाळीदार त्सुबा दणकट आणि डाव्या-उजव्या बाजूंनी समतोल असतात. क्योतोच्या जाळीच्या रेषा बारीक आणि नाजूक असतात. ओवारीच्या आणि त्याहीपेक्षा कानायामा नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्सुबांच्या कडेवर बोट फिरवले तर मधूनमधून टणक उंचवटे लागतात. घडवताना सगळ्या लोखंडात कार्बन सारखा मुरत नाही. जिथे तो जास्त राहिला तिथले कण कठीण होतात आणि काळाच्या ओघात भोवतालचे मऊ लोखंड झिजले की ते वर येतात. जपानी रसिक त्यांना तेक्कोत्सु, म्हणजे लोखंडाची हाडे, म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. दोष म्हणून जे कोणी घासून सपाट केले असते, त्याला या लोकांनी नाव दिले आणि त्यासाठी जास्त किंमत मोजली.

हिगो प्रांताबद्दल थोडे विस्ताराने बोलतो. तिथला सरदार होसोकावा तादाओकी, म्हणजेच सान्साई, हा सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्याचा शिष्य होता. 1563 ते 1646 असे दीर्घ आयुष्य त्याला लाभले, आणि त्याच्या घराण्याच्या आश्रयाने हायाशी, हिराता, निशिगाकी आणि शिमिझू अशी चार घराणी त्सुबा घडवू लागली. चहाच्या खोलीतला संयम या कामांत उतरला आहे: लोखंड काळेभोर आणि लोण्यासारखे गुळगुळीत, सोने असलेच तर अगदी मोजके. प्रख्यात तलवारबाज मियामोतो मुसाशी आयुष्याच्या अखेरीस, 1640 पासून, याच होसोकावांच्या आश्रयाला होता, आणि दोन समुद्रकाकड्यांच्या आकाराची दोन भोके असलेला त्सुबाचा एक साधा प्रकार परंपरेने त्याच्या नावावर सांगितला जातो. त्या आराखड्याच्या नकला अमाप झाल्या. म्हणून तो दिसला की आनंद जरूर मानावा, मुसाशीचे नाव मात्र लगेच घेऊ नये.

लोखंडाखेरीज मऊ धातूंचे त्सुबाही असतात. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण तीन ते पाच टक्के सोने मिसळून केलेली मिश्रधातू. ताजी असताना ती तांब्यासारखीच दिसते. परंतु पृष्ठभागाला किसलेल्या मुळ्याचा रस लावून ती ताम्रक्षारांच्या द्रावणात उकळली की निळसर झाक असलेला गडद काळा रंग चढतो. शिबुइची या नावाचा अर्थच एक चतुर्थांश. त्यात तांब्याबरोबर चांदी मिसळलेली असते आणि तिचा रंग राखाडी होतो. गोतो घराण्याने सोळाव्या शतकाच्या आधीपासून शाकुदोवर काम केले. त्यांच्या कामाची खूण म्हणजे माशाच्या अंड्यांसारख्या बारीक, ओळीने ठोकलेल्या ठिपक्यांची पार्श्वभूमी. भिंगाखाली ते ठिपके पाहा. उत्तम कामात ओळ सुटत नाही, आणि सामान्य कामात नक्षीच्या कडेशी पोचल्यावर कारागिराची घाई उघडी पडते.

लोखंडावर सोने बसवण्याची एक पद्धत आपल्याला परकी वाटू नये. पृष्ठभागावर छिन्नीने आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडायच्या आणि त्या खरखरीत जागेवर सोन्याचा पत्रा ठोकून बसवायचा. कापडाच्या विणीसारख्या दिसणाऱ्या रेघांमुळे जपानीत तिला नुनोमे म्हणतात. आपल्याकडच्या तलवारींवरची कोफ्तगिरी याच तत्त्वावर चालते. झिजल्यावर दोन्हींचे रूप सारखेच होते: सोने जाते आणि विणीचा माग मागे राहतो.

आता ती हकीकत. मी विकत घेतलेला पहिला त्सुबा लोखंडी होता. पाइनच्या झाडाखाली दोन चिनी ऋषी, कपड्यांवर सोन्याचे ठिपके, आणि भोकाशेजारी हिकोने गावच्या सोतेन या कारागिराची लांबलचक सही. मी सही ओळखली, ऋषी ओळखले आणि पैसे दिले. सोतेनची सही त्याच्यानंतर कित्येकांनी वापरली, हे मला वाचून ठाऊक होते. तरी फार तर उशिराचे काम निघेल, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे दोन वर्षांनी एका विक्रीच्या यादीत मला तोच त्सुबा दिसला. तसाच नव्हे, तोच: भोकाच्या उजव्या कडेवरचे छिन्नीचे तीन ठोके आणि त्यांतल्या मधल्या ठोक्याची वाकडी शेपटी यांसह. छिन्नीचे ठोके दोन वस्तूंवर तंतोतंत सारखे पडत नाहीत. ते साच्यातून आले होते. घरी येऊन भिंग घेतले तेव्हा जे पहिल्या दिवशी दिसायला हवे होते ते दिसले. जाळीच्या आतल्या भिंतींवरून साच्याच्या सांध्याची बारीक रेघ गेलेली होती, खोलगट भागांत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे होते, ऋषींच्या बोटांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या होत्या, आणि सेप्पा-दाईवर कोणत्याही चकतीची खूण नव्हती. तो त्सुबा कधी कोणत्या तलवारीवर चढलाच नव्हता.

सहीविषयी म्हणूनच मी सावध बोलतो. नोबुइए आणि फुशिमीचा कानेइए ही लोखंडी त्सुबांतली सर्वांत मोठी नावे. त्यामुळे खोट्या सह्याही त्यांच्याच सर्वाधिक. बिनसहीचा चांगला त्सुबा आणि मोठ्या सहीचा संशयास्पद त्सुबा यांत निवड करायची झाली, तर नवशिक्याने डोळे झाकून पहिला घ्यावा. तोक्योत 1948 साली स्थापन झालेली जपानी कलात्मक तलवारींच्या जतनाची संस्था तज्ज्ञांकडून तपासणी करून प्रमाणपत्र देते. ते असल्यास उत्तम. पण पत्रावरचे छायाचित्र आणि हातातली वस्तू ताडून पाहावी, कारण पत्र आणि वस्तू यांची ताटातूट होऊ शकते.

गोव्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पोर्तुगीज 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले आणि गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरला. दक्षिणेकडच्या समुद्रातून आलेल्या या लोकांना जपान्यांनी नान्बान, म्हणजे दक्षिणेचे रानटी, म्हटले. आणि नान्बान त्सुबा नावाचा एक प्रकारच आहे, ज्यात वेलींच्या दाट गुंत्यात समोरासमोर दोन ड्रॅगन असतात. नाव ऐकून गोव्याच्या जहाजांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु यांतले बहुसंख्य त्सुबा नंतरच्या, एदो काळातले (1603 ते 1868) आहेत आणि त्यांच्यावर चिनी वस्तूंची छाप अधिक आहे. झेवियरच्या काळातला म्हणून कोणी तुम्हांला असा त्सुबा विकू लागला तर नमस्कार करून निघावे.

1876 मध्ये मेइजी सरकारने चारचौघांत तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली, त्यानंतर हजारो त्सुबा जहाजांतून युरोप-अमेरिकेत गेले. आज बोस्टन, लंडन, हांबुर्ग येथील संग्रहालयांत त्यांचे मोठे संग्रह आहेत. कानो नात्सुओसारख्या कारागिराला सरकारी टांकसाळीच्या नाण्यांचे काम मिळाले. पुष्कळांनी निर्यातीच्या फुलदाण्यांवर हात चालवला.

शेवटी स्वच्छतेविषयी, कारण इथे आपली घरची सवय आड येते. धातू लखलखीत म्हणजे स्वच्छ, हे आपल्या मनात चिंचेसकट बसलेले आहे. शाकुदोला चिंच लावली की शतकांपूर्वी चढवलेला निळा-काळा रंग निघून तांबूस धातू उघडा पडतो, आणि पूर्वीचा रंग काही परत येत नाही. लोखंडावरचा काळा थर ठेवायचा आणि तांबडा, सुटणारा गंज तेवढा काढायचा. त्यासाठी हाडाचा किंवा हरणाच्या शिंगाचा टोकदार तुकडा घेऊन तासन् तास हलकेच खरवडावे, आणि नंतर सुती फडक्याने रोज थोडे पुसावे. तारेचा ब्रश, अॅसिड, सॅंडपेपर यांना घराबाहेर ठेवावे. माझ्या क्रौंचांच्या कडेवरचा गंज निघायला एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा गेला.

बाजूच्या मेजावर मखमलीवर पाच त्सुबा ठेवले आहेत. ते कडेला धरून उचलावेत, सपाट भागावर घामट बोटे लावू नयेत. भिंगे दोन आहेत, ती एकमेकांना द्यावीत. पाचांपैकी एक ओतीव आहे आणि तो कोणता हे मी अर्ध्या तासाने सांगेन. तोवर भोकापासून सुरुवात करा.