मेकॅनिकल डिस्क ब्रेक घेताय? आधी आतला पॅड पुढे कसा घेता येतो ते बघा

नमस्कार मंडळी! एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, मेकॅनिकल (वायरनं ओढला जाणारा) डिस्क ब्रेक कुठला लावू, हा प्रश्न चेन धुण्याच्या व्हिडिओखालीसुद्धा येतो. म्हणून आज तेवढंच. आणि "हायड्रॉलिक का नाही सांगत?" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांना: हायड्रॉलिकला, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकला, जोर जास्त, मान्य. पण ताम्हिणीत ब्रेकची वायर तुटली तर वाटेतल्या साध्या सायकलच्या दुकानात नवी मिळते. हायड्रॉलिकमधली हवा काढायचं ब्लीड किट आणि मिनरल ऑइल मिळत नाही. विषय संपला.

मापांचं पटकन उरकू. रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती, 160 मिमीचा पुरतो. वजन जास्त असेल किंवा घाट नेहमीचे असतील तर पुढे 180 घ्या. तेवढ्याच दाबात साधारण 12 टक्के जास्त पकड मिळते. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) किती मोठा रोटर चालतो ते आधी बघा, आणि त्या मापाचा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे कॅलिपर बसवायचा जोडतुकडा, सोबतच घ्या. कॅलिपर म्हणजे रोटरला दोन पॅडनी चिमटणारा भाग. फोर्कवरच्या बोल्टमधलं अंतर 74 मिमी असेल तर पोस्ट माउंट, 51 असेल तर आयएस, ही कॅलिपर बसवायच्या दोन पद्धतींची नावं. रोटर सहा बोल्टचा की सेंटरलॉक (मधल्या एकाच रिंगनं आवळला जाणारा), ते हबकडे बघून कळतंच. पुढे.

लिव्हर. इथे पैसे वाया जातात. सरळ हँडलच्या एमटीबीचा लिव्हर, म्हणजे व्ही-ब्रेकला (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकला) चालतो तोच, वायर जास्त ओढतो. रोड बाइकचा वाकड्या हँडलवरचा लिव्हर कमी ओढतो. कॅलिपरही त्या हिशेबानं वेगवेगळे बनतात. टीआरपी कंपनीचे दोन कॅलिपर आहेत, स्पायर आणि स्पाइक. दिसायला जुळे भाऊ. स्पायर रोडचा, स्पाइक एमटीबीचा. एमटीबीच्या लिव्हरला स्पायर जोडला की लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि सायकल थांबत नाही. उलट केलंत, तर लिव्हर मुठीला टेकतो तरी पॅड पोचलेला नसतो. एव्हिड कंपनीच्या बीबी7 कॅलिपरमध्येही रोड आणि एमटीबी असे दोन प्रकार आहेत. डब्यावरचं नाव शेवटपर्यंत वाचा, फोटो बघून ऑर्डर टाकू नका.

आता मुख्य मुद्दा. (कॅलिपर कॅमेऱ्याजवळ.) ही फट दिसतेय? बहुतेक मेकॅनिकल कॅलिपरमध्ये दोनपैकी एकच पॅड हलतो, हा बाहेरचा. तो रोटरला ढकलतो, रोटर किंचित वाकतो आणि आतल्या, स्पोकच्या बाजूच्या पॅडवर जाऊन दाबला जातो. आतला पॅड जागचा हलत नाही. तो झिजला की फट वाढते, आणि फट वाढली की लिव्हर खोल जायला लागतो. मग आपण काय करतो? लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर फिरवतो आणि वायर ताणतो. हेच करू नका!

का, ते कॅलिपरवरच्या, वायर जोडलेल्या या आर्मकडे बघून कळेल. वायर ओढली की हा आर्म फिरतो, आत बेअरिंगच्या गोळ्या उतारावर चढतात आणि पॅड पुढे सरकतो. आर्मला फिरायला जागा मोजकीच. ब्रेक सोडला की आर्म पूर्ण मागे, आपल्या जागेवर आलाच पाहिजे. वायर ताणून ठेवली तर तो अर्ध्या वाटेवरूनच निघतो. तेवढी चाल तुम्ही उभ्या सायकलवरच खर्च केलीत.

हाताला काय जाणवतं तेही ऐका, कारण फसगत तिथेच होते. पॅड आणखी झिजला, तुम्ही वायर आणखी ताणली, असं दोन-चारदा झालं की एक दिवस आर्म वायरच्या स्टॉपला जाऊन अडकतो. लिव्हर मस्त घट्ट लागतो. वाटतं, वा, ब्रेक टाइट आहे! पण तो घट्टपणा धातूला धातू टेकल्याचा आहे, पॅड रोटरवर नीट दाबलेलाच नाही. हे घरी पार्किंगमध्ये कळत नाही, सिंहगडाच्या उतारावर कळतं. "लिव्हर टाइट आहे पण ब्रेक लागत नाही" अशा कॉमेंट्स येतात ना, त्यांनी आधी खाली वाकून आर्म बघा. नवे पॅड नंतर.

आणि म्हणूनच खरेदी करताना जोर किती, रंग कुठला, वजन किती, हे नंतर विचारा. आधी विचारा, आतला पॅड पुढे घ्यायची सोय काय आहे? बीबी7 ला दोन्ही पॅडना लाल नॉब आहेत, बोटांनी फिरवायचे, कट कट आवाज करत सरकतात. एव्हिडच्याच बीबी5 ला नॉब फक्त आतल्या पॅडला. बाहेरच्या पॅडची झीज वायरनंच भरून काढावी लागते, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. स्पाइकचे दोन्ही पॅड हलतात, रोटर वाकत नाही आणि झीज दोन्हीकडून स्क्रूनं घेता येते. शिमानोचा एम375 साधा, एकाच बाजूनं हलणारा, पण चिवट. आतल्या पॅडचा स्क्रू फिरवण्याइतकी शिस्त असेल तर रोजच्या वापराला उत्तम. आमची निवड विचाराल तर चिखलात चालवणाऱ्यांना बीबी7, कारण ग्लोव्हज न काढता, अवजाराशिवाय, रस्त्याच्या कडेला पॅड आत घेता येतो.

सेटिंग, बीबी7 धरून. वायरचा लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर (कॅलिपरवर असेल तर तोही) पूर्ण आत फिरवून मग एक-दोन आटे बाहेर. आर्म पूर्ण मागे आहे ना, बघा. कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करा. दोन्ही नॉब फिरवून पॅडनी रोटर पकडा, कॅलिपर आपोआप सरळ बसेल. आता बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट कचकचून आवळलात तर कॅलिपर त्याच्याबरोबर फिरतो आणि रोटर घासायला लागतो. मग नॉब दोन-तीन कट मागे. मागे पांढरा कागद धरा, फट स्पष्ट दिसते. नॉब नसलेल्या कॅलिपरला आतला पॅड आणि रोटर यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड घालून बोल्ट आवळायचे, की तेवढीच फट उरते.

आउटर केबल, म्हणजे वायरवरचं बाहेरचं आवरण, ब्रेकचीच, 5 मिमीची. गिअरची आउटर लावू नका. तिच्या तारा लांबीनं सरळ गेलेल्या असतात, ब्रेकच्या जोरानं ती फुटू शकते. मागच्या ब्रेकचा लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर दोष बऱ्याचदा कॅलिपरचा नसतो, लांबलचक स्वस्त आउटर दबत असते. जोरात दाबल्यावर न आखडणारी, कम्प्रेशनलेस नावाची ब्रेक आउटर मिळते, ती घाला.

रोटर किंचाळतो म्हणून त्यावर चेनचा स्प्रे मारणारेही आहेत, देवा! आवाज जातो, ब्रेकही जातो. तेल प्यायलेले पॅड फेकायचे, रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा.

पॅड रेझिनचे की मेटलचे? पावसाळ्यात तांबड्या चिखलात रेझिन बघता बघता संपतं, मेटल टिकतं पण आवाज करतं. रोटरवर "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं असेल तर मेटल लावू नका, रोटरच खाल्ला जाईल. नवा पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून 20 वेळा हळूहळू थांबत आणा, चाक लॉक न करता, मग थोड्या जास्त वेगातून आणखी 10 वेळा. आणि पॅड आणायला जाताना जुना खिशात घेऊन जा. स्पाइक आणि एम375 ला एकाच आकाराचा पॅड चालतो, पण बीबी5 चा बीबी7 ला बसत नाही.