मिटणारी नाकपुडी : चेहऱ्याच्या लकव्यानंतर रात्रीचा श्वास

[दृश्य : नाकाचा अगदी जवळून घेतलेला शॉट. श्वास आत जाताना डावी नाकपुडी आत ओढली जाते.]

डावी नाकपुडी बघा. श्वास आत घेतला की ती आत ओढली जाते आणि मधल्या पडद्याला जाऊन टेकते. श्वास सोडला की मोकळी होते. उजवी मात्र जागची हलत नाही. चेहऱ्याची डावी बाजू लकव्याने लुळी पडलेल्या या माणसाला सर्दी नाही, नाकाचं हाड वाढलेलं नाही, आत सूजही नाही. तरीही डावीकडून हवा आत शिरत नाही, आणि रात्री आडवं झालं की त्रास वाढतो.

कानासमोरच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतली गाठ काढताना, किंवा ऐकण्याच्या नसेजवळची अकूस्टिक न्यूरोमाची गाठ काढताना, चेहऱ्याच्या नसेला इजा होऊ शकते. हीच ती फेशियल नर्व्ह. कधी ती नुसती ताणली जाते, तर कधी गाठीबरोबर तिचा तुकडा काढावाच लागतो. मग त्या बाजूचा डोळा मिटत नाही, ओठाचा कोपरा उतरतो. डोळ्याची काळजी सगळे सांगतात, आणि ते योग्यच आहे. नाकाचा विषय मात्र बहुतेक वेळा निघतच नाही.

या नसेचं नाकाशी असलेलं नातं काही नवीन नाही. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाने 1821 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. गाढवाची एका बाजूची ही नस कापली, तेव्हा त्या बाजूची नाकपुडी श्वासाबरोबर हलायची थांबली होती. बेलने तिला चेहऱ्याची श्वासाची नस मानलं. पुढे कारण न सापडणारा असा लकवा त्याच्याच नावाने, बेल्स पाल्सी म्हणून, ओळखला जाऊ लागला, पण रुग्णाशी बोलताना श्वासाचा भाग मागे पडला.

[दृश्य : नाकाचं रेखाचित्र. नाकपुडीची कड, वरची कूर्चा (मऊ हाड), गालाचे स्नायू.]

नाकपुडीच्या कडेपासून जेमतेम दीड सेंटीमीटर आत नाकातली सगळ्यात अरुंद जागा असते. तिला नेझल व्हॉल्व्ह म्हणतात. मधला पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यात तिथे साधारण 10 ते 15 अंशांचाच कोन असतो, रुंद नाकात थोडा जास्त. हवा अरुंद जागेतून वेगाने जाते तेव्हा आतला दाब उतरतो आणि भिंत आत खेचली जाते. भिजलेल्या कागदी स्ट्रॉने जोरात ओढलं की ती चपटी होते, तसं. निरोगी माणसात नाकपुडी फुलवणारे छोटे स्नायू दर श्वासाच्या किंचित आधी आवळतात आणि भिंत ताठ धरतात. लकव्यात ते गप्प असतात. त्यात सैल पडलेल्या गालाचं वजन नाकपुडीच्या मुळाशी लोंबतं आणि ती जागेवरून खाली सरकते. म्हणून इथे जोर लावून श्वास घेण्याचा उपयोग होत नाही. जोर जितका जास्त, तितकी भिंत लवकर मिटते. हळू, लांब श्वास घेतला तर तीच नाकपुडी थोडी तरी उघडी राहते.

मग रात्रीच जास्त त्रास का? आडवं झालं की नाकातल्या रक्तवाहिन्या भरतात आणि आतलं अस्तर फुगतं. शिवाय बहुतेकांच्या नाकात काही तासांनी एक बाजू फुगते, दुसरी मोकळी होते. ही पाळी जन्मभर चालू असते, आपल्याला तिचा पत्ताही नसतो. पण ज्याची एक नाकपुडी मिटते, त्याची चांगली बाजू फुगायची पाळी आली की दोन्ही दारं लागतात. झोप लागून तास-दोन तास झाल्यावर दचकून उठणं, तोंडाला कोरड पडलेली असणं, याचं कारण अनेकदा हेच असतं.

[दृश्य : आरशासमोर, कापसाची काडी हातात.]

दोष भिंतीचा आहे की अस्तराचा, हे घरीच पाहता येतं. कापसाची काडी पाण्यात ओली करा. लकव्याच्या बाजूने नाकपुडीच्या जेमतेम आत ठेवा आणि बाहेरची भिंत एक-दोन मिलिमीटर उचलून धरा. दुसरी नाकपुडी बोटाने बंद करून साधा श्वास घ्या. हवा एकदम मोकळी वाटली, तर भिंत पडते आहे. मग काडी काढा आणि बोटाने गाल वर आणि कानाकडे ओढून तीच चाचणी करा. गाल ओढूनही तितकंच मोकळं वाटलं, तर चिकटपट्टीने काम भागण्याची शक्यता चांगली. दोन्हींत फरक पडला नाही, तर पडदा वाकडा असणं, ॲलर्जी, मस्सा अशी कारणं कान-नाक-घसा तज्ज्ञाने शोधायला हवीत.

सर्दीच्या थेंबांबद्दल इथेच सांगायला हवं. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब अस्तर आकसवतात, पण पडलेली भिंत उभी करत नाहीत. थोडा आराम वाटतो म्हणून माणूस ते रोज घालत राहतो. तीन ते पाच दिवसांपलीकडे गेलं की थेंबांचा असर उतरताच अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं. मग एकाचे दोन आजार होतात.

[दृश्य : टेबलावर मायक्रोपोर, कात्री, साबण, रुमाल.]

आता चिकटपट्टी. औषधाच्या दुकानात कागदी मायक्रोपोर मिळते, अर्धा इंच आणि एक इंच रुंदीची. गालासाठी एक इंचाची घ्या. चेहरा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. तेल, क्रीम, डोळ्याच्या मलमाचा ओघळ, काहीही राहिलं तर पट्टी मध्यरात्री सुटते. पुरुषांनी त्या बाजूची दाढी केलेली बरी. साधारण 10 ते 12 सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि टोकं गोल करा, म्हणजे उशीला घासून उकलत नाहीत. एक टोक नाकपुडीच्या बाहेर, नाक आणि गाल यांच्यामधल्या घडीवर चिकटवा आणि अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. दुसऱ्या हाताने गाल वर, गालफडाच्या हाडाच्या दिशेने उचला. आरशात दोन्ही नाकपुड्या सारख्या दिसू लागल्या की थांबा आणि पट्टी हाडावरून कानशिलाकडे चिकटवत न्या. मग दोन-तीनदा हुंगून बघा. नाकपुडी टिकली तर झालं.

बिघडतं कुठे? पहिली गोष्ट दिशा. पट्टी खालच्या पापणीला लागून गेली तर पापणी खाली ओढली जाते आणि आधीच न मिटणारा डोळा आणखी उघडा पडतो. पापणीपासून बोटभर तरी अंतर हवं. दुसरी गोष्ट ताण. पट्टी ताणून लावायची नसते. गाल हाताने उचलायचा आणि पट्टीने फक्त धरून ठेवायचा. ताणलेल्या पट्टीखाली सकाळी फोड येतात. तिसरी गोष्ट जखम. पॅरोटिडच्या शस्त्रक्रियेचा छेद कानासमोरूनच जातो, म्हणून ती जागा पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पट्टीचं टोक तिथे नको. सकाळी कोमट पाण्याने भिजवा, त्वचा एका बोटाने दाबून धरा आणि पट्टी स्वतःवर दुमडत हळू काढा. त्वचा लाल होऊ लागली तर सिलिकॉनची पट्टी घ्या. ती महाग असते, पण म्हाताऱ्या, पातळ त्वचेसाठी तीच योग्य. कोकणातल्या घामाच्या दिवसांत मायक्रोपोर टिकत नाही. तिथे ताणली जाणारी सुती किनेसिओ टेप जास्त तग धरते.

नाकावर आडवी लावायची स्ट्रिपही मिळते. तिच्यात प्लॅस्टिकच्या लवचीक पट्ट्या असतात आणि त्या नाकाची कातडी बाहेर खेचतात. ती हाडावर लावली तर वाया जाते. हाड संपून नाक जिथे मऊ लागतं, नाकपुड्यांच्या फुगवट्याच्या अगदी वर, तिथे लावायची. गालाची पट्टी आणि ही स्ट्रिप यांची कामं वेगळी आहेत. एक लोंबणारं वजन उचलते, दुसरी भिंत ताठ करते. बऱ्याच जणांना दोन्ही लागतात.

नाकपुडीच्या आत बसणारे सिलिकॉनचे डायलेटरही असतात, वेगवेगळ्या मापांत. मिटणारी बाजू ते छान धरतात. रोज साबणाने धुवायचे आणि सुरुवातीला दिवसा तासभर घालून बघायचे. एक धोका मात्र गंभीर आहे. अकूस्टिक न्यूरोमा मोठा असेल, तर शेजारची ट्रायजेमिनल नस, म्हणजे चेहऱ्याला संवेदना देणारी नसही दबलेली असू शकते. मग त्या बाजूच्या नाकाला आणि डोळ्याला नीट संवेदना नसते. डायलेटर टोचला, खपली धरली, रक्त आलं, तरी कळत नाही. अशांनी रोज टॉर्च लावून आत बघायला हवं.

[दृश्य : खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा.]

झोपण्याची स्थिती हा सगळ्यात स्वस्त उपाय. खाटेच्या डोक्याकडचे पाय 15 सेंटीमीटर उचला, म्हणजे साधारण दोन-दोन विटा. उशांची चळत लावली तर मान दुमडते आणि घसा उलट अरुंद होतो. कुशीवर झोपताना खालची नाकपुडी फुगते, हे लक्षात ठेवा. लकव्याची बाजू खाली ठेवली तर चांगली नाकपुडी मोकळी राहते, पण उघडा डोळा उशीला घासतो. बुबुळावरची जखम नाक चोंदण्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : आधी पाठीवर, डोकं उंच ठेवून. पाठीवर घोरणं वाढत असेल, तर लकव्याची बाजू वर ठेवून कुशीवर, आणि त्या नाकपुडीला पट्टी किंवा स्ट्रिपचा आधार. डोळ्यात मलम घालून, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पापणी बंद करूनच झोपायचं. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर येणार नाही असं बघा. डोळा आणि घसा दोन्ही सुकतात.

तोंडाचं काय? ओठ नीट मिटत नाहीत, म्हणून श्वास सोडताना गाल फुगतो आणि कोपऱ्यातून फुरफुर हवा जाते, लाळही गळते. हनुवटीला बांधायच्या पट्ट्याने इथे फारसं साधत नाही. जबडा मिटणारे स्नायू ट्रायजेमिनलवर चालतात, ते शाबूत असतात. सैल असतो तो ओठ. अर्धा इंचाची छोटी पट्टी ओठाच्या कोपऱ्याखालून वर गालाकडे लावून कोपरा उचलता येतो. तोंड पूर्ण बंद करणारी पट्टी मात्र लावूच नका. नाक मिटलं, उलटी आली, तर तोंड हाच सुटकेचा एक मार्ग असतो. आणि झोपण्याआधी लकव्याच्या गालात अडकलेले भाताचे, भाकरीचे कण बोटाने काढून चूळ भरा. गालाचा लुळा स्नायू ते बाहेर ढकलू शकत नाही, आणि झोपेत ते घशाकडे घसरू शकतात.

ज्यांना स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजारासाठी, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लागतं, त्यांची अडचण वेगळी. सैल गालावर मोठा मास्क बसत नाही. हवा वर गळते आणि सरळ डोळ्यात जाते. नाकपुडीत टेकणारे छोटे पिलो मास्क बहुतेकदा बरे पडतात, कारण त्यांची टोकंच नाकपुडीला आधार देतात. पण कवटीच्या तळाशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर सर्जनच्या परवानगीशिवाय मशीन पुन्हा सुरू करायचं नाही. दाबाची हवा न भरलेल्या फटीतून कवटीत शिरू शकते. जोरात नाक शिंकरणं आणि जलनेती यांनाही हाच नियम.

[दृश्य : खाली वाकलेला चेहरा, हातात पांढरा रुमाल.]

काही लक्षणं सर्दी समजून सोडून देऊ नयेत. वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ, न चिकटणारं पाणी टपकलं, घशात खारट चव आली, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालयात जा, मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. आवाज बसला असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल आणि श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर अडथळा नाकात नाही, स्वरयंत्रात आहे. त्यावर पट्टीचा उपयोग नाही, तातडीने दवाखाना गाठायचा.

नस शाबूत असेल तर वाट बघण्यात अर्थ असतो. तिचे इजा झालेले धागे दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात, म्हणून चेहऱ्यापर्यंत पोचायला महिने लागतात. सुधारणा होत नसेल तर प्लॅस्टिक सर्जनकडे लवकर जा, कारण नसेविना स्नायू साधारण दीड-दोन वर्षांत कामातून जातात. नाकापुरता इलाज मात्र केव्हाही करता येतो. मांडीतल्या फॅशियाची, म्हणजे स्नायूवरच्या चिवट आवरणाची, पट्टी काढून तिने नाकपुडीचं मूळ गालफडाच्या हाडाकडे किंवा कानशिलाकडे टांगतात, किंवा कानाच्या कूर्चेचा तुकडा नाकाच्या भिंतीत बसवतात. भेटीला जाताना बसून आणि झोपून श्वास घेतानाचा नाकाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा, आणि कापसाच्या काडीने फरक पडला की गाल ओढल्याने, ते सांगा. गाल ओढून मोकळं वाटत असेल तर टांगण्याचा विचार आधी होतो, फक्त काडीने वाटत असेल तर कूर्चेचा. टांगल्यानंतर नाकपुडी सुरुवातीला जरा जास्तच वर ओढलेली दिसते. ते मुद्दाम केलेलं असतं, कारण फॅशिया पुढच्या काही महिन्यांत थोडा सैलावतो.