कंबर ड्रायव्हरची, पण दुखणं सीटचं

कंबरदुखीवर व्यायाम सांगा असं तुम्ही बसवाले सगळेच म्हणता, सांगतो, पण आधी सीटचं बोलू. कारण सीटचा डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारा भाग, गेलेला असेल तर सकाळी कितीही स्ट्रेचिंग करा, दिवसभर प्रत्येक खड्डा मणक्यातच जाणार.

बसलेल्या माणसाचं अंग साधारण 4 ते 8 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4 ते 8 वेळा होणाऱ्या, उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त दाद देतं, आणि खराब रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत नेमकी ह्याच्या आसपासची कंपनं भरपूर असतात. त्यात मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, हालचालीने दाब कमीजास्त झाला की त्यांना पोषण मिळतं, मग तासन्‌तास एकाच पोझिशनमध्ये बसून वर धक्के खाल्ले तर त्यांचं काय होणार सांगा. युरोपियन युनियनने 2002 मध्येच नियम केला, आठ तासांच्या हिशोबाने कंपनाचा जोर, म्हणजे त्वरण, 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ह्याच्या वर गेलं की मालकाने उपाय करायलाच हवेत, आणि 1.15 च्या वर तर जाऊच द्यायचं नाही.

आता सस्पेन्शनवाली सीट, म्हणजे जिच्याखाली धक्के झेलायला स्प्रिंग किंवा हवेची पिशवी असते ती. तिला वजन सेट करायचा नॉब असतो, तो बरेच जण कधी हातच लावत नाहीत. आधीच्या शिफ्टला पन्नास किलोचा माणूस होता आणि तुम्ही नव्वदचे, तर सीट खाली टेकते आणि खालच्या रबरावर आदळते, म्हणजे साध्या सीटपेक्षा जास्त जोराचा दणका बसतो! म्हणून आधी वजन लावा, मग ढुंगण पार मागे टेकवून सीट पुढेमागे करा, क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबला तरी पाठ सुटायला नको आणि गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा. मग सीटची पाठ, मग स्टिअरिंग, आणि आरसे सगळ्यात शेवटी. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा, एका बाजूने कंबर उचलली जाते.

ह्याला दोनतीन मिनिटं लागतात आणि ती ड्युटीच्या वेळापत्रकात धरलेली पाहिजेत, हे मी इथे बसलेल्या अधिकाऱ्यांना कळकळीने सांगतो. फेरी संपल्यावरचा ब्रेक ट्रॅफिकने खाल्ला तर तो परत मिळायला हवा. सीटची तक्रार रजिस्टरला गेली की ती ब्रेकच्या तक्रारीइतक्याच गांभीर्याने घ्या.

कंडक्टरचं दुखणं वेगळं, हलत्या गाडीत एक हात वर दांड्याला आणि दुसऱ्याचा अंगठा दिवसभर तिकीट मशीनवर. हात बदलत राहा, पाय थोडे फाकवून उभं राहा, बॅग तिरकी अडकवा आणि खांदा बदला. वर्कशॉपवाल्यांनो, चाक एकट्याने उचलायचं नाही, ट्रॉली नसेल तर ट्रॉली मागा.

आणि व्यायाम. गाडी थांबली की उतरा, पण उडी मारून नाही, दोन्ही हातांनी धरून पायरी-पायरीने. थोडं चाला, कंबरेवर हात ठेवून हळूच मागे वाका, चारपाचदा. बराच वेळ बसून उठल्यावर लगेच वाकून जड काही उचलू नका, कारण तेव्हा पाठीचे लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे पट्टे, ताणून ढिले पडलेले असतात. दुखणं पायात उतरलं, पाय बधिर झाला तर डॉक्टरला दाखवा, पेनकिलर खाऊन ड्युटी ओढू नका. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेची संवेदना गेली, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.