खोल गेलं की पाणी लागतंच?

(दृश्य: विहिरीच्या कठड्यावरून कॅमेरा खाली, पंप बंद, पाणी तळाला)

वाकून बघा, पण कठड्याला टेकू नका, दगड सुटलेत. पुरंदर तालुक्यातली ही विहीर, 50 फुटांची, आणि आज पाणी नाही बघायचं, भिंत बघायची. वर हात-दीड हात माती, खाली पिवळट मुरूम, मग तो भोकंभोकं असलेला, पांढरे ठिपके दिसणारा दगड आहे ना, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि तळाला काळा पाषाण, जो फोडायला सुरुंगच लागतो.

हे सगळं लाव्हाचं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, एकदाच नाही, थरावर थर, म्हणून तर सह्याद्री लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. थर निवताना आतला गॅस वर सरकला आणि बुडबुडे वरच्या अंगाला अडकले, तो झाला भोकांचा दगड. मधला भाग सावकाश थंड झाला, घट्ट बसला. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे विटेसारखी तांबडी पट्टी दिसते, तो गेरू.

महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग ह्याच दगडावर बसलाय, आणि तरी आपल्याला वाटतं की खाली कुठेतरी नदी वाहतेय, फक्त सापडली पाहिजे. मग पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण. (खरं सांगू, बघायला मजा येते.) पण खाली नदी नसते हो. पाणी असतं मुरमात आणि दगडाच्या भेगांत, तेही किती, तर सरकारी भूजल मोजणीत झिजलेल्या बसाल्टला, म्हणजे ह्याच लाव्हाच्या दगडाला, 2 टक्के धरतात. म्हणजे 100 लिटर भिजलेल्या दगडातून हाताला येणार 2 लिटर. नदीकाठच्या वाळूच्या गाळात हाच आकडा 16 च्या आसपास.

आता ह्या 2 टक्क्यांचं गणित बघा. पिकाला 2 सेंटीमीटर पाणी दिलं की तेवढ्याच जमिनीखालची पातळी मीटरभर खाली जाते. म्हणून दिवाळीला काठोकाठ असलेली विहीर होळीला तळ दाखवते, आणि म्हणूनच चांगला पाऊस झाला की पटकन भरतेही. टाकीच छोटी आहे.

ह्या विहिरीचे मालक, आबा, सांगतात की शेजारी 300 फुटांवर बोअरला पाणी लागलं आणि त्याच वर्षी विहिरीतला पाझर आटला. आश्चर्य काहीच नाही. खालच्या पाषाणातही भेगा असतात, पण त्यांना पाणी मिळतं वरूनच, त्यामुळे बोअर घेतली म्हणजे पुष्कळदा नवीन पाणी नाही सापडत, जुन्याच पाण्याला खाली जायला रस्ता मिळतो.

(दृश्य: कोरडा ओढा, शेळ्या)

हा समोरचा ओढा. आबांच्या लहानपणी संक्रांतीनंतरही वाहायचा म्हणे. पाऊस संपल्यावर ओढ्यात जे वाहतं ते मुरमातून हळूहळू पाझरलेलं पाणीच असतं, ते आधीच उपसलं की ओढा कुठून वाहणार? आपण मात्र नदीचं पाणी वेगळं, विहिरीचं वेगळं असं धरून बसलोय, ऑफिसंसुद्धा वेगवेगळी.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 च्या दुष्काळात उभी राहिली, ती निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. कायदाही आहे, 2009 चा, त्यात 60 मीटरच्या खालची विहीर म्हणजे खोल विहीर, अधिसूचित, म्हणजे सरकारने तसा जाहीर केलेल्या, भागात शेतीसाठी ती घ्यायला मनाई. पाळतं कोण, ते विचारू नका. हिवरे बाजारने मात्र कायद्याची वाट बघितली नाही, शेतीला बोअर बंद, ऊस बंद, आणि पाऊस किती पडला त्यावर ग्रामसभेत पाण्याचा हिशोब, मगच पीक ठरतं. पाऊस तिथेही जेमतेमच.

(दृश्य: टेप विहिरीत सोडताना)

आज पाणी 41 फुटांवर. आबांनी वहीत लिहून घेतलं. पोरगा मात्र मघापासून फोनवर आहे, बोअरची गाडी उद्या येतेय, तमिळनाडूची, दर फुटावर ठरलाय, पाणी लागो न लागो. 600 फूट जायचं म्हणतोय.