रक्ताचा टब आणि शिशाचा सफेदा

फळ्यावर विषय लिहिलाय ‘वार्धक्याचं भय आणि सत्ता’. तिकडे येतोच. पण एर्झेबेत बाथोरी, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीची हंगेरीची सरदारीण, तिचं नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रक्तानं भरलेला टब येतो. तरुण राहायला ती मुलींच्या रक्तात आंघोळ करायची, अशी दंतकथा. तो टब आधी बाजूला सारू.

तिच्यावरचा ज्यूली डेल्पी या फ्रेंच अभिनेत्रीचा २००९चा सिनेमा ‘द काउंटेस’ आपण सगळ्यांनी पाहिलाय. लेखन, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका, सगळं डेल्पीचंच. रांधायचं तिनं, वाढायचं तिनं आणि पहिला घासही तिचाच! गोष्ट अशी: चाळिशीला टेकलेली विधवा सरदारीण, तिचा विशीतला प्रियकर इश्तवान. त्याचं पत्र येत नाही आणि ती कारण शोधते आरशात.

आता टब. कंबरेपर्यंत बुडायचं तर शंभर लिटर तरी हवं. किलोमागे साधारण ६५ ते ७० मिली रक्त, म्हणजे ४५ किलोच्या मुलीच्या अंगात तीन लिटर. त्यातलं निम्मं गेलं की हृदय थांबायला लागतं, उरलेलं बाहेर येत नाही. तरी सढळ हातानं धरा दोन लिटर. एका आंघोळीला पन्नास मुली! शिवाय भांड्यात काढलेलं रक्त पाच-दहा मिनिटांत साकळतं. दुसरी मुलगी आणेपर्यंत पहिलीचं दह्यासारखं विरजलेलं. पुढं ते तपकिरी पडतं, वास मारतो. घंगाळभर गरम पाणी बरं, निदान मळ तरी निघतो.

पडद्यावर मात्र ते लालभडक असतं, कारण तो पाक असतो. कॉर्न सिरप आणि खायचा लाल रंग. नुसता लाल घातला की मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात नारिंगी सरबत दिसतं, म्हणून निळ्याचे दोन-चार थेंब. पाक घट्ट झाला तर ओघळत नाही, पातळ झाला तर कपड्यावर गुलाबी डाग.

खरी भीती घालतो तो म्हातारपणाचा मेकअप. जुनी रीत अशी: डोळ्याखालची कातडी बोटांनी ताणून धरायची, स्पंजनं द्रवरूप लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, टिपायचं, थंड हवेच्या ड्रायरनं वाळवायचं आणि ताण सोडायच्या आधी पावडर लावायची. पावडर विसरलात तर लेटेक्स लेटेक्सला चिकटतं आणि सुरकुतीऐवजी गुठळी होते. असे तीन-चार थर. घामानं कडा सुटतात, क्लोजअपमध्ये पापुद्रा दिसतो. आणि हमखास होणारी चूक म्हणजे चेहरा सत्तरचा, हात पंचविशीचे.

त्या काळच्या बायकांचा मेकअप याहून भयंकर. व्हेनिसचा सफेदा! शिशाचे पत्रे शिरक्याच्या वाफेवर, उबेसाठी भोवती घोड्याची लीद. काही आठवड्यांनी पत्र्यांवर पांढरं पीठ चढतं, ते खरवडायचं, दळायचं, तोंडाला फासायचं. त्यानं कातडी खराब होते, केस गळतात. ते झाकायला आणखी जाड थर. तरुण दिसायच्या हौसेनंच म्हातारपण लवकर. रक्तापेक्षा हे भयपट म्हणून सरस नाही का?

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. तर मूळ मुद्दा, धावतपळत.

एर्झेबेतचा नवरा फेरेन्स नादाश्दी १६०४ मध्ये वारला. अफाट जमीन विधवेकडे, हंगेरीचा राजा मथियास तिच्या घराण्याचा देणेकरी. डिसेंबर १६१० मध्ये राजाचा सर्वोच्च अधिकारी ज्यॉर्जी थुर्झो यानं तिला तिच्याच चाख्तित्सेच्या किल्ल्यात पकडलं. जानेवारीत खटला चालला तो नोकरांवर, देहदंडही नोकरांना. तिला न्यायासनापुढे उभंच केलं नाही. १६१४ मध्ये कोंडलेल्या अवस्थेतच गेली. निर्दोष होती असं म्हणत नाही, छळाच्या साक्षी शेकड्यांनी आहेत. पण त्या साक्षींत रक्ताची आंघोळ कुठेच नाही. ती छापून आली १७२९ मध्ये, तुरोत्सी नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या पुस्तकात, बाई जाऊन ११५ वर्षं झाल्यावर. साक्षी छापल्या गेल्या १८१७ मध्ये, तोवर टब घट्ट बसला होता. कर्ज, जमीन आणि बाईच्या हातातली सत्ता हे सगळं ‘नटवी म्हातारी’ या दोन शब्दांत विरघळून गेलं.

डेल्पीला हे पुरतं कळलंय. तिच्या सिनेमात ही कहाणी सांगतो कोण? इश्तवान. म्हणजे बाईला कोंडणाऱ्या थुर्झोचाच मुलगा. हो, हो, थांबतो.