उजेड बदलला की बुजणारे पिल्लू

(गोव्यातील फोंडा येथे घरगुती मत्स्यपालनाची आवड असलेल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखरूप)

मित्रहो,

टाकीतला दिवा लावताच मासा सैरावैरा धावतो, काचेवर आपटतो आणि मग कोपऱ्यात तळाशी जाऊन बसतो, अशी तक्रार नव्याने मासे पाळू लागलेल्यांकडून नेहमी ऐकू येते, आणि तिच्या पाठोपाठ ‘याला शांत कसे करायचे?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. माझे म्हणणे असे आहे की एकदा बुजलेल्या पिल्लाला त्या घडीला शांत करणे आपल्या हातात फारच थोडे असते. करण्यासारखे जे काही आहे ते दिवा लागण्याआधीच्या आणि मालवण्याआधीच्या अर्ध्या तासात करून ठेवायचे असते.

आधी माशाच्या डोळ्याकडे पाहू. अंधाऱ्या खोलीतून उन्हात आलो की आपण डोळे मिटतो, आपली बाहुली आकसते, हात आपोआप कपाळाशी जातो. टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशांना पापण्या नसतात आणि त्यांतील बहुतेकांची बाहुली फारशी लहानमोठीही होत नाही. उजेडाशी जुळवून घेण्याचे काम त्यांच्या दृष्टिपटलातच, म्हणजे डोळ्याच्या आतल्या उजेड टिपणाऱ्या पडद्यातच चालते: दृष्टिपटलामागच्या पेशींतले रंगद्रव्याचे कण पुढे सरकतात, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी लांब होऊन त्या रंगद्रव्याच्या आड जातात, आणि भर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी आखडून पुढे येतात. ही प्रत्यक्ष पेशींची हालचाल असल्यामुळे तिला वेळ लागतो, आणि पुष्कळ जातींत तो अर्ध्या तासाच्या घरात जातो. निसर्गात ही सवड मिळते. गोव्याच्या अक्षांशावर, म्हणजे १५ अंश उत्तरेच्या आसपास, सूर्य उगवण्यापूर्वीचा लख्ख संधिप्रकाश साधारण २२ मिनिटे टिकतो, आणि त्याच्याही आधीपासून पूर्वेकडे हळूहळू उजाडत असते. एलईडीचा दिवा हे सगळे एका क्षणात उरकतो. जुनी ट्यूब फडफडत लागत असे, तेही माशाला सुखाचे नव्हतेच. पण आजच्या दिव्यांचा प्रखरपणा अधिक आणि तो आपण थेट पाण्यावर टांगतो.

उजेड जाण्याचेही तसेच आहे. अगदी लहान पिल्लांच्या दृष्टिपटलात बहुधा शंकुपेशीच असतात आणि दंडपेशी वाढीबरोबर मागाहून येतात. त्यामुळे दिवा एकाएकी बंद झाला की त्या पिल्लाला काही वेळ जवळपास काहीच दिसत नाही. रात्री झोपताना बटण दाबून निघून जाणाऱ्या माणसाला टाकीतली ती धडपड कधी दिसत नाही, म्हणून तिची तक्रारही होत नाही.

आता पळण्याविषयी. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात मौथनर पेशी नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात. धोक्याची चाहूल लागताच त्यांतली एक पेशी पेटते, विरुद्ध बाजूचे स्नायू आखडतात आणि काही हजारांश सेकंदांत मासा वाकून निसटतो. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारवट शेताच्या बांधावरून बगळा झुकतो किंवा खंड्या सूर मारतो, तेव्हा वरून आलेला अचानक फरक ओळखून आधी पळणारे पिल्लूच जगते. तेव्हा आपले पिल्लू भित्रे निघाले म्हणून कोणी खंत करू नये.

मात्र या पळण्याचे एक पुढचे प्रकरण आहे. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मिनो या गोड्या पाण्यातल्या छोट्या माशांवरील निरीक्षणांतून दाखवले की जखमी माशाच्या त्वचेतून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याचा वास लागताच जातभाई घाबरून एकत्र होतात किंवा दडून बसतात. टेट्रा, बार्ब, झेब्रा डॅनिओ, गोल्डफिश ही मंडळी त्याच मोठ्या गटातली आहेत. म्हणजे दिव्याने दचकलेले एक पिल्लू दगडाच्या धारेवर खरचटले, तर दिव्याशी काहीही देणेघेणे नसलेली भीती सगळ्या टाकीत पसरू शकते. अशा वेळी उजेड मंद करून थोडे पाणी बदलणे उपयोगी पडते. आणि टोकदार जांभा दगड शोभेसाठी टाकीत ठेवण्याचा मोह आवरावा, हे त्याहून उपयोगी.

प्रत्यक्ष करायचे ते असे. सकाळी आधी खिडकीचा पडदा सरकवावा किंवा खोलीतला दिवा लावावा, आणि अर्ध्या तासाने टाकीचा दिवा लावावा. रात्री उलट क्रमाने आधी टाकीचा दिवा घालवावा, खोलीतला उजेड तसाच ठेवावा आणि तो नंतर मालवावा. हळूहळू वाढणारा दिवा मिळाला तर उत्तमच, पण त्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी हा क्रम काही आठवडे पाळून पाहावा. वेळ रोज तीच ठेवावी. मासे वेळ आणि खुणा शिकतात; दिवा लागल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी नेमाने चारा पडू लागला, तर उजेडाशी भीतीऐवजी खाण्याची सांगड बसते. दिवसाला आठ ते दहा तासांचा उजेड पुरे होतो.

दडायला जागा असलेला मासा कमी दडतो, हे ऐकायला विचित्र वाटते, पण ते खरे आहे. टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गडद कागद लावावा, तळाला पांढरी वाळू न घालता काळपट घालावी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींना निम्मा पृष्ठभाग झाकू द्यावा. अंगणातल्या बदामाची गळलेली, सुकलेली पाने धुऊन टाकली तर पाण्याला चहासारखा रंग येतो आणि उजेड सौम्य होतो. टेट्रा किंवा एंजल यांना ते मानवते. आपल्या काळुंदराच्या (इंग्रजीत पर्लस्पॉट) पिल्लाला मात्र पाने घालू नयेत; तो मचूळ पाण्यातला मासा, आणि जांभ्यातल्या विहिरींच्या मृदू, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्याची आम्लता पानांमुळे आणखी वाढते. काळुंदर ताटात सगळ्यांनाच ओळखीचा आहे, पण त्याचे बोटभर पिल्लू टाकीत एकटे ठेवून पाहिले तर त्याच्यासारखे बुजरे काही नाही. दिवा लागताच अंगावरचे पट्टे गडद होतात, पर अंगाशी मिटतात, कल्ल्यांची उघडझाप भराभर होते आणि ते फिल्टरच्या नळीमागे तिरके होऊन उभे राहते. त्याच्या सोबतीला त्याच आकाराची आणखी पाच-सहा पिल्ले सोडली तर तेच पिल्लू पुढे येते. वरच्या थरात निर्धास्त फिरणारे गप्पी असले तरी चालते, कारण बाकीचे मोकळे फिरताना दिसले की धोका नाही असे लपलेला मासा ताडतो.

टाकीची जागाही पाहावी. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत ठेवलेल्या टाकीवर रात्री वळणावरून येणाऱ्या स्कूटरचा झोत पडतो, आणि घरच्यांना वाटते की मासा विनाकारण उसळतो. टाकीवर झाकण हवेच. बुजलेला मासा बाहेर उडी घेतो.

पावसाळ्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. वीज गेली की टाकीत काळोख होतो आणि त्याच वेळी फिल्टरही थांबतो. घरातली माणसे काळजीने मोबाइलचा झोत सरळ पाण्यात मारतात, तो बंद करावा. पाहायचेच असेल तर झोत छताकडे धरून परतणाऱ्या उजेडात पाहावे. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चकती फिरणारा साधा टायमर विजेबरोबर थांबतो. दुपारी दोन तास वीज गेली, तर तो दोन तास मागे पडतो, आणि रात्री आठला मालवणारा दिवा दहापर्यंत जळतो. जून-जुलैत हा फरक साचत जाऊन भल्या पहाटेऐवजी दुपारी उजाडू लागते. बॅटरीची सोय असलेला टायमर घ्यावा, नाहीतर दर आठवड्याला चकती घड्याळाशी जुळवावी. शिवाय मध्यरात्री वीज परत येते तेव्हा हातबटणाचा दिवा सुरूच राहिलेला असला, तर गाढ काळोखातून एकदम प्रखर उजेड पडतो. वीज गेल्याबरोबर टाकीच्या दिव्याचे बटण बंद करण्याची सवय घरातल्या सर्वांनाच लावून घ्यावी.

एवढे करूनही पिल्लू बुजलेच, तर हात घालू नये, काचेवर टिचकी मारू नये, जाळीने हुसकू नये. दिवा मंद करून खोलीतून निघून जावे, कल्ल्यांची गती नेहमीसारखी होईपर्यंत चारा घालू नये. दुकानातून नुकत्याच आणलेल्या पिल्लासाठी तर पहिला दिवस टाकीचा दिवा लावूच नये. खिडकीतून येणारा उजेड त्याला पुरतो.

आणि दिव्याचा क्रम नीट पाळूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दिव्याला दोष देणे थांबवावे. मासा दगडांना अंग घासत असेल तर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची शंका घ्यावी; पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत असेल तर प्राणवायू कमी पडतो आहे किंवा पाण्यात अमोनिया, नायट्राइट ही माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या चाऱ्यातून होणारी विषारी द्रव्ये साचली आहेत. अमोनिया आणि नायट्राइट यांची तपासणी करणारी किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. नव्या टाकीत तर ही तपासणी पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा करावीच.